पणजीच्या जुन्या तावेर्नात पहिल्यांदा जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीच्या जुन्या वस्तीतल्या तावेर्नांबद्दल पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-सांगलीहून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं पणजी शहरापुरती आहेत. कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावरचे शॅक, कॅसिनो आणि क्लब यांचे रिवाज वेगळे असतात, ते यात नाहीत.

१. तावेर्न म्हणजे नेमकं काय? साधा बारच ना?

बारच, पण वस्तीतला. घराच्या तळमजल्यावर एक-दोन खोल्या, समोर लाकडी काउंटर, मागे फळीवर बाटल्या, चार-पाच टेबलं, भिंतीवर येशूची किंवा सायबिणीची (मदर मेरीची) तसबीर आणि तिच्यासमोर छोटा दिवा. मालक बहुतेक त्याच घरात राहतो. पूर्वी फेणी बाटलीत येत नसे, काचेच्या मोठ्या गर्राफांवात असे आणि त्यातून मापाने ओतून देत. काही ठिकाणी ते गर्राफांव आजही कोपऱ्यात दिसतात.

गिऱ्हाईक मुख्यतः आसपासचं असतं. कामावरून परतणारा माणूस उभ्याउभ्या एक पेग घेतो, दोन शब्द बोलतो आणि घरी जातो. जागा त्याच्यासाठी चालवलेली आहे, आपण तिथे पाहुणे असतो. खालची बरीचशी उत्तरं या एका गोष्टीतूनच निघतात.

खऱ्या अर्थाने जुनी तावेर्नं पणजीत आता थोडीच उरली आहेत. काही बंद झाली, काहींचं रेस्टॉरंट झालं. उरलेली चालू राहावीत असं मनापासून वाटतं, म्हणून एवढं लिहितोय.

२. पणजीत कुठे शोधायची?

मळा, फोंताइन्हास आणि साओ तोमे या लागून असलेल्या वस्त्यांत. एका बाजूला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या बाजूला ओरेमची खाडी आणि मध्ये अरुंद गल्ल्या. कदंब बसस्टँडवरून खाडीवरचा पादचारी पूल ओलांडला की समोर फोंताइन्हासच. चालत दहा-पंधरा मिनिटं. कोकण रेल्वेने येणार असाल तर करमळी स्टेशन जवळचं, तिथून पुढे बस किंवा टॅक्सी.

साओ तोमेतला जोसेफ बार हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जागा अगदी चिमुकली. आत मावत नाहीत ते लोक ग्लास घेऊन दारात उभे असतात. आता तिथे पर्यटकही भरपूर येतात, तरी जुन्या तावेर्नाची ठेवण पाहायची असेल तर तिथून सुरुवात करायला हरकत नाही. पोटभर गोवन जेवण हवं असेल तर फोंताइन्हासमध्ये ‘व्हिवा पंजिम’सारखी जुन्या घरातली रेस्टॉरंट्स आहेत. बाकीची नावं मी मुद्दाम देत नाही. चार टेबलांच्या जागेचं नाव पसरलं की तिथल्या रोजच्या माणसाला बसायला खुर्ची उरत नाही. गल्ल्यांतून फिरा, तुम्हाला सापडतील.

३. किती वाजता जावं?

संध्याकाळी साडेसहा-सात ही उत्तम वेळ. सकाळी उशिरा काही तावेर्नं उघडतात, पण दुपारी एकनंतर पणजीचं जुनं शहर झोपतं आणि चार-साडेचारपर्यंत बरीच दारं बंद असतात. मुंबईच्या हिशोबाने रात्री दहाला निघालात तर मालक खुर्च्या उचलत असतील. रविवारी बऱ्याच ठिकाणी सुट्टी असते. बंदच्या दिवसांबद्दल प्रश्न १९ पाहा.

४. आत गेल्यावर कसं वागायचं? मेनूकार्ड मिळतं का?

बहुतेक ठिकाणी मेनूकार्ड नसतं, असलंच तर फळ्यावर खडूने लिहिलेलं. काउंटरवर जा, आत बसलेल्यांना मान हलवून नमस्कार करा आणि विचारा, ‘आज काय आहे?’ मराठी बहुतेकांना कळते. कोकणीत दोन शब्द बोललात तर चेहरे खुलतात. ‘हुर्राक आसा?’ (हुर्राक आहे का?), निघताना ‘देव बरें करूं’ (धन्यवाद). मालक तुम्हाला ‘पात्रांव’ म्हणेल, म्हणजे शेठ. तुम्हीही त्याला तसंच म्हणू शकता. ‘ए भाऊ, इकडे ये’ असं लांबून ओरडू नका. तिथे वेटर नसतो, घराचा मालक असतो.

कोपऱ्यातली एखादी खुर्ची रिकामी असूनही तुम्हाला दुसरीकडे बसवलं तर वाईट वाटून घेऊ नका. ती कुणाची तरी रोजची खुर्ची असते.

५. फेणी आणि हुर्राक यांत फरक काय?

दोन्ही एकाच रसाच्या, ऊर्ध्वपातनाच्या दोन पायऱ्यांवरच्या. काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलं. फेब्रुवारी-मार्चपासून मे अखेरपर्यंत बोंडू (काजूची फळं) पिकतात. झाडाखाली पडलेलेच बोंडू गोळा करायचे, तोडायचे नाहीत, हा जाणत्यांचा नियम. बी वेगळी काढून बोंडू कातळातल्या कुंडीत पायांनी तुडवायचे. उरलेला चोथा वेलीने बांधून, वर दगड ठेवून दाबला की थेंबथेंब गळतो तो नीरो. तो गोड असतो, त्यात दारू नसते. तुडवून निघालेला रस साधारण तीन दिवस आंबवतात आणि भट्टीवर चढवतात.

पहिल्या वेळी उतरतो तो हुर्राक. त्यात अल्कोहोल साधारण १५ टक्के, वास फळासारखा, चव हलकी. हा हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी उतरते, ४२ ते ४५ टक्क्यांची. जुने लोक टक्के सांगत नाहीत, ‘ग्राव’ (दारूच्या तीव्रतेचं जुनं माप) सांगतात. चांगली फेणी १८-१९ ग्रावची.

हुर्राक टिकत नाही. उन्हाळ्यात मिळतो आणि पावसाआधी संपतो. डिसेंबरमध्ये येऊन हुर्राक मागितलात तर प्रामाणिक मालक नाही म्हणेल. फेणी मात्र बारा महिने मिळते आणि काचेत वर्षानुवर्षं राहते.

एक धोका इथेच सांगतो. हुर्राक सरबतासारखा घशाखाली उतरतो, आणि उन्हात तर किती झाला ते कळतही नाही. ९० मिली हुर्राकात साधारण ३० मिली फेणीइतकं अल्कोहोल असतं. मोठे दोन ग्लास झाले की थांबा, मध्ये पाणी प्या.

जाता जाता सिंधुदुर्गाबद्दल. सीमेपलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीत काजू उदंड, पण बी काढून घेतली की बोंडू बागेतच कुजतात. हे पाहून दरवर्षी जीव हळहळतो.

६. काजूची घ्यावी की माडाची?

पहिल्यांदा घेत असाल तर आधी माडाची चाखा. तिचा वास सौम्य असतो. ती सुरापासून होते. सूर म्हणजे माडाच्या पोयीतून (फुलोऱ्यातून) उतरवलेली ताडी, आणि ती काढणारा रेंदेर दिवसातून तीनदा माडावर चढतो. हे काम करणारे हात कमी होत चालले आहेत, म्हणून माडाची फेणी काजूच्या मानाने कमी ठिकाणी दिसते. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. त्याआधी कायद्याच्या लेखी ती गावठी दारूच होती.

तिसरा एक प्रकार दुकशिरी. यात फेणीमध्ये उपळसरीचं मूळ (आपण अनंतमूळही म्हणतो) मुरवतात. रंग तांबूस, वास मातीचा. पोटाला बरी म्हणून जुन्या घरांत थोडी ठेवलेली असते. औषध म्हणून मी ती सुचवणार नाही, चव म्हणून जरूर.

७. फेणीचा वासच सहन होत नाही. काय करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. काजूच्या फेणीला फार पिकलेल्या फणसासारखा भपका असतो आणि तिथेच बरेच जण माघार घेतात. ग्लासात नाक खुपसू नका. चार थेंब तळहातावर घ्या, दोन्ही हात चोळा, अल्कोहोल उडू द्या आणि मग वास घ्या. भपका गेलेला असतो आणि मागे फळ उरतं. भट्टीवालेही माल असाच पारखतात.

मग थोडी फेणी, भरपूर सोडा, लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ. त्यानंतरही नको वाटली तर सोडून द्या. बिअर मागा, कुणीही वाईट मानणार नाही.

८. तावेर्नात कॉकटेल मिळतात का?

शेकर हलवून केलेली, यादीतली कॉकटेल जुन्या तावेर्नात शोधू नका. पण मिश्रणं आहेत आणि उत्तम आहेत.

उन्हाळ्यातलं पहिलं म्हणजे हुर्राक-लिम्का. उंच ग्लास घेतात. हिरवी मिरची देठापासून टोकापर्यंत उभी चिरून, पण दोन भाग न करता, ग्लासात उभी सोडतात. त्यावर लिंबाची फोड पिळून तीच आत टाकतात, चिमूटभर मीठ, मग बर्फ, त्यावर हुर्राक आणि शेवटी ग्लासाच्या कडेने लिम्का. मीठ पडलेलं असल्यामुळे फेस झरकन वर येतो, म्हणून हळू ओततात. ढवळत नाहीत. पहिल्या घोटात फक्त गोड-आंबट लागतं, ग्लास निम्मा झाल्यावर मिरची बोलायला लागते. तिखट नको असेल तर मिरची अख्खी ठेवायला सांगा, तिचा वास उतरतो आणि तिखटपणा उतरत नाही.

दुसरं, कोकम आणि फेणी. जोसेफ बारमध्ये याचंच ‘तांबडे रोझा’ नावाचं पेय प्रसिद्ध आहे. कोकमाच्या आंबटपणात फेणीचा वास दबतो, त्यामुळे नवख्यांना ते आवडतं. तिसरं, माडाची फेणी आणि शहाळ्याचं पाणी. हे सगळीकडे मिळेल असं नाही, पण शहाळं तुम्हीच आणलंत तर मालक हसत करून देतो.

पणजीत अलीकडे फेणीची नव्या पद्धतीची कॉकटेल करणारे बारही उघडले आहेत. काम चांगलं करतात, त्यांच्यामुळे तरुण मुलं फेणीकडे वळली. फक्त तिथला दर आणि तिथला रिवाज तावेर्नाचा नसतो.

९. पोटभर काय खायचं?

आधी हे समजून घ्या की लहान तावेर्नात जेवण नसतं, चकणा असतो. उकडलेली अंडी, खारे चणे, तळलेला बांगडा, मोसमात मिठातल्या कैऱ्या. घरात कुणी रांधत असेल तर त्या दिवशीचा एखादा पदार्थ. फळ्यावर एकच नाव असेल तर डोळे मिटून तेच मागवा, कारण ते ताजं असतं.

चोरीस-पाव दिसला की सोडू नका. चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचे आणि चरबीचे तुकडे मिरची, लसूण, मसाला आणि व्हिनेगरमध्ये मुरवून, आतड्यात भरून, वाळवून-धुरवून केलेले सॉसेज. बाजारात त्याच्या मण्यांसारख्या माळा टांगलेल्या असतात. करणारी बाई आवरण सोडवून आतलं सारण तव्यावर टाकते, वेगळं तेल घालत नाही. आधी थोडं पाणी, ते आटलं की चोरीसची स्वतःची लालभडक चरबी सुटते आणि उभा चिरलेला कांदा त्याच चरबीत मऊ होतो. व्हिनेगरचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. मग पाव मधोमध कापून त्याची आतली बाजू तव्यावर पुसून घ्यायची, म्हणजे तव्यावरची सगळी लाली पावात येते. सारण भरायचं आणि लगेच खायचं. थंड झालं की चरबी थिजते आणि मजा जाते.

सोरपोतेल मिळालं तर सान्नांबरोबर घ्या. मांस आणि काळीज उकडून, बारीक चौकोनी कापून, तळून मग व्हिनेगरच्या मसाल्यात शिजवतात. केल्या दिवशी कुणी मुद्दाम खात नाही, दोन-तीन दिवसांनी मुरल्यावर खरी चव येते. ‘परवाचं आहे’ असं मालकाने सांगितलं तर ती शिफारस समजा. सान्ना म्हणजे सूर घालून फुगवलेल्या तांदळाच्या मऊ, किंचित गोड इडल्या.

कोंबडीत कॅफ्रेल (कोथिंबीर-मिरचीचा हिरवा मसाला, मूळ आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींतून आलेला) आणि शागुती. शागुती आपल्याला ओळखीची वाटते, कारण भाजलेलं खोबरं आणि खसखस मालवणी स्वयंपाकातही आहेच. मासळीत रेशाद (लाल मिरची-व्हिनेगरचा) मसाला भरलेला बांगडा आणि आंबट-तिख (आंबट-तिखट रस्सा). पाव नेहमीचा घेण्यापेक्षा पोळी (आपली चपाती नव्हे, गोव्याचा पोई पाव) आहे का विचारा. कोंड्याची, आतून पोकळ, पोदेराने (पाववाल्याने) सकाळ-संध्याकाळ सायकलवरून आणलेली. रस्सा पुसून घ्यायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

तावेर्नातून बाहेर पडल्यावरही भूक असेल तर रस ऑम्लेटचा गाडा गाठा. ऑम्लेटवर शागुतीचा गरम रस्सा, वर कच्चा कांदा, लिंबू आणि सोबत पाव. उशिरा हाच पोटाचा आधार.

१०. पोर्क आणि बीफ नेमकं कशात असतं? न विचारता खाल्लं जाईल अशी भीती वाटते.

भीती रास्त आहे, आणि उपाय सोपा आहे. चोरीस, सोरपोतेल आणि बहुतेक ठिकाणचं विंदालू म्हणजे पोर्क. क्रोकेत, कटलेट-पावातलं कटलेट, टंग रोस्ट आणि ‘चिली फ्राय’ यांत बीफ असू शकतं. गोव्यात बीफ उघडपणे मिळतं. फेजुआद दिसते राजम्याची उसळ, पण तिच्यात चोरीस असतं. रिसॉइस (करंजीसारखा तळलेला पदार्थ) बहुधा कोळंबीचे. ऑर्डर देण्याआधी ‘हे कशाचं आहे?’ एवढंच विचारा. या प्रश्नाचं तिथे कुणालाही नवल वाटत नाही. तवा आणि तेल मात्र एकच असतं. तेही चालणार नसेल तर पुढचं उत्तर वाचा.

११. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

तावेर्नातच जेवायचं ठरवलंत तर हो, जवळजवळ. चणे, शेंगदाणे, कैरी, फार तर फ्रेंच फ्राइज. पण पणजीत शाकाहारी खाण्याची मोठी परंपरा आहे आणि ती तावेर्नापासून पाच-दहा मिनिटांवर आहे. कॅफे भोसले, कॅफे तातो यांसारख्या ठिकाणी पातळ भाजी, सुकी भाजी, पाव, मिरची भजी आणि बन्स मिळतात. आधी तिथे पोट भरा आणि मग तावेर्नात बसा. बाहेरचा डबा काउंटरवर उघडू नका. पावसाच्या सुरुवातीला रानातली अळमी (अळंबी) बाजारात येतात. कुठे अळमीची शागुती मिळाली तर ती मांसाहारी माणसालाही दुसरं काही आठवू देत नाही.

१२. दारू न पिणाऱ्याने जावं का?

जरूर. कोकम सोडा, लिंबू सोडा सगळीकडे असतो आणि काजूच्या दिवसांत नीरो मिळाला तर नशीब. नीरो त्याच दिवशी प्यायचा, संध्याकाळपर्यंत तो आंबायला लागतो. गर्दीच्या वेळी टेबल अडवून एकच सोडा घेऊन तासभर बसू नका, काहीतरी खायला मागवा.

१३. बायकांनी एकट्या किंवा मैत्रिणींबरोबर गेलं तर चालेल का?

साओ तोमे-फोंताइन्हासच्या ठिकाणी चालतं. मुली, जोडपी, वयस्क बायका दिसतात, आणि काही काउंटरमागे मालकीणच उभी असते. गावातल्या आडबाजूच्या तावेर्नात मात्र आजही फक्त पुरुष बसलेले असतात. तिथे त्रास होईल असं नाही, पण नजरा वळतात. पहिल्यांदा संध्याकाळी लवकर जा, काउंटरजवळचं टेबल घ्या. कुणी गळ्यात पडायला लागला तर सरळ मालकाला सांगा. वस्तीतल्या जागेत मालकाचा शब्द चालतो.

१४. वयाची अट काय? मुलांना नेता येईल?

गोव्यात पिण्यासाठी वय किमान २१ लागतं. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५, त्यामुळे गोंधळ होतो. गोव्यात गोव्याचा नियम लागू. मुलांना लहान तावेर्नात नेऊ नका, जागाही नसते आणि धूरही असतो. कुटुंब असेल तर प्रश्न २ मधल्यासारखं जुन्या घरातलं रेस्टॉरंट निवडा.

१५. पैसे किती लागतात? कार्ड चालतं?

तावेर्न स्वस्त असतं, किनाऱ्यापेक्षा बरंच. आकडा लिहिला तर तो पुढच्या मोसमात जुना होईल. यूपीआय बऱ्याच ठिकाणी चालतं, तरी खिशात सुटे पैसे असू द्या. ग्लासाचं माप आधी विचारून घ्या. काही जण ३० मिलीचा पेग धरतात, काही ६० चा.

१६. पावसाळ्यात जाण्यात अर्थ आहे का?

माझ्या मते तेव्हाच खरी मजा. पर्यटक नसतात, मालकाला बोलायला वेळ असतो आणि कौलांवर पाऊस वाजत असतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरच्या मासेमारीला बंदी असते. त्या काळात ताज्या सुरमईचा आग्रह धरू नका, बर्फातली पुढे येईल. त्याऐवजी सुकं मागा. सुक्या सुंगटांची किसमूर, म्हणजे भाजलेला सुका झिंगा, ओलं खोबरं, कांदा आणि चिंच किंवा कोकम, फेणीबरोबर हिच्याइतकं काही जमत नाही. दोन, २४ जूनला सांजाव, म्हणजे सेंट जॉनचा सण. डोक्यावर फुलापानांचा कोपेल घालून लोक विहिरीत, ओढ्यात उड्या मारतात आणि फेणी हातोहात फिरते. तुम्हाला कुणी बोलावलं तर जा. पिऊन पाण्यात उतरू नका.

१७. दहा-बारा जणांचा ग्रुप आहे. जागा मिळेल?

मिळणार नाही, आणि मिळवायचा प्रयत्नही करू नका. बारा जण एकदम शिरले की त्या संध्याकाळचं तावेर्न संपतं. तीन-तीन, चार-चार जण वेगवेगळ्या ठिकाणी बसा आणि जेवायला एखाद्या मोठ्या रेस्टॉरंटात एकत्र या. आवाजही सांभाळा. वरच्या मजल्यावर कुणाची तरी आजी झोपलेली असते.

१८. फोटो, रील काढू शकतो का?

स्वतःच्या ग्लासाचा, ताटाचा काढा. मालकाला विचारून काउंटरचाही. दुसऱ्या गिऱ्हाइकांचा नको. बाहेर गल्लीत जास्त जपा. फोंताइन्हासच्या रंगीत घरांसमोर शूटिंग करणाऱ्यांचा रहिवाशांना इतका त्रास झाला आहे की अनेक घरांवर ‘फोटो काढू नयेत’ अशा पाट्या लागल्या आहेत. लोकांच्या पायऱ्यांवर बसणं, खिडकीच्या गजाला टेकणं, ग्लास ओट्यावर ठेवून जाणं, यातलं काहीही करू नका.

१९. कधी बंद असतं? ड्राय डे असतो का?

मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास दारूविक्री बंद असते, गोव्यातही. मतमोजणीच्या दिवशीही बंदी असते. गुड फ्रायडेला ख्रिस्ती मालकांची तावेर्नं बहुधा उघडत नाहीत आणि त्याआधीच्या चाळीस दिवसांत काही घरांत मांस शिजत नाही, त्यामुळे फळ्यावर मासळीच दिसली तर आश्चर्य नको. उलट त्याआधी येणाऱ्या कार्निव्हलच्या दिवसांत जागा मिळणं मुश्कील. वस्तीत मयत झालं तर त्या दिवशी दार अर्धं ओढलेलं असतं. तेव्हा काही न विचारता तिथून पुढे निघावं.

२०. गाडी घेऊन गेलो तर? ‘एकच पेग’ चालतो का?

नाही. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि एका मोठ्या पेगनेही ती ओलांडली जाऊ शकते. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. भाड्याच्या स्कूटरलाही हेच लागू. गोव्याचे रस्ते अरुंद, वळणं आंधळी, आणि दरवर्षी पर्यटकांचे जीव जातात. पणजीतच मुक्काम करा आणि चालत जा-ये करा, हा सर्वांत चांगला उपाय. बाहेर राहत असाल तर टॅक्सी आधीच ठरवून ठेवा, कारण रात्री बस लवकर थांबतात. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल, म्हणजे इथला ‘पायलट’, जवळच्या अंतराला सोयीची, पण तोल जात असेल तर मागे बसू नका.

२१. फेणी अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

बाटली थोडी हलवा. चांगल्या फेणीवर बारीक मोत्यांसारखे बुडबुडे येतात आणि थोडा वेळ टिकतात. तळहाताची पारख प्रश्न ७ मध्ये दिली आहे. खोट्या मालात अत्तरासारखा एकच तीव्र वास येतो आणि हात चोळल्यावर मागे काहीच उरत नाही. रंग पाण्यासारखा स्वच्छ हवा, अपवाद दुकशिरीचा. विकत घ्यायची तर परवानाधारक दुकानातून, लेबल असलेली घ्या. काझुलो, बिग बॉस ही नावं सहज मिळतात. रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या बाटलीत विकला जाणारा माल अनोळखी माणसाकडून घेऊ नका. भट्टीची साधनं आणि जुने गर्राफांव पाहायचे असतील तर कांदोळीत फेणीला वाहिलेलं ‘ऑल अबाउट अल्कोहोल’ हे संग्रहालय आहे.

२२. एक-दोन बाटल्या गाडीतून महाराष्ट्रात आणल्या तर काय होतं?

या प्रश्नाला ‘सगळेच आणतात’ हे उत्तर तुम्हाला दहा ठिकाणी मिळेल. ते ऐकू नका. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि परराज्यातली दारू राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या परवानगीशिवाय आणणं हा गुन्हा आहे. गोव्यातल्या बाटलीवरचा कर गोव्यात भरलेला असतो, त्यामुळे दुकानाची पावती किंवा गोव्याचा कागद महाराष्ट्राच्या हद्दीत उपयोगाचा नाही. तुमच्याकडे महाराष्ट्राचा पिण्याचा परवाना असेल, तरी त्याने गोव्याची बाटली कायदेशीर होत नाही. बांद्याजवळ इन्सुलीला तपासणी नाका आहे. तिथे माल तर जातोच, वाहनही जप्त होऊ शकतं.

विमानाबद्दल वेगळा गैरसमज आहे. २४ ते ७० टक्के अल्कोहोलच्या सीलबंद बाटल्या चेक-इन सामानात माणशी पाच लिटरपर्यंत नेता येतात हा विमान सुरक्षेचा नियम. फेणी त्यात बसते, पण त्यामुळे मुंबईत उतरल्यावर राज्याचा कायदा बदलत नाही. हुर्राक तर कसाही आणू नका. मुंबई गाठेपर्यंत त्याची चव गेलेली असते.

सोबत काही न्यायचंच असेल तर चोरीसची माळ न्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा पणजी मार्केटमध्ये मिळते. कागदात गुंडाळून वर डबा घाला, नाहीतर बसमध्ये सगळ्यांना कळतं. मडक्यातलं माडाचं व्हिनेगरही घ्या. घरी चोरीस परतताना कांद्यावर त्याचे दोन चमचे पुरतात.